'कारकून' ही शिवी आहे का? (बॉस्टन, १९४९)

चिंचपोकळीकर

परवा पायपीट यांचं 'बाकावरचा लोकनेता' हे प्रवासवर्णन इथे आलं. बॉस्टनला फॅनुइल हॉलजवळ जेम्स मायकल कर्लीचे ब्राँझचे दोन पुतळे आहेत, एक उभा, एक बाकावर बसलेला. बसलेल्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची पद्धत आहे, तसा त्यांनी काढला. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंय, '१९४९ साली बॉस्टनने गरिबांच्या कैवाऱ्याला घालवून एक कारकून खुर्चीत बसवला. शहरं कृतघ्न असतात.' आणि खाली प्रतिसादांची रांग: नतमस्तक, डोळे पाणावले, असे नेते आता होणे नाही. तीन दिवस गप्प बसलो. आता नाही बसवत.

आधी स्वतःचं सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी शोध लावायला नको. माझे वडील एका नगरपालिकेत एकतीस वर्षं कारकून होते. त्यामुळे 'एक कारकून' हे ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला चांगला ओळखू येतो.

आता तुमचा कैवारी. चार वेळा महापौर, एकदा गव्हर्नर, दोनदा तुरुंग. पहिला तुरुंग १९०४ चा. दुसऱ्याच्या नावावर पोस्टाच्या नोकरीची परीक्षा द्यायला बसला आणि सापडला. आत असतानाच निवडून आला, कारण काय, तर 'मित्रासाठी केलं'. आपल्याकडे याला डमी बसवणं म्हणतात आणि त्यापायी स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर येतात. पुढे १९३८ साली कोर्टानं सांगितलं की शहराचे बेचाळीस हजार डॉलर परत कर. दुसरा तुरुंग १९४७ चा, तोही महापौरपदावर असताना. युद्धाच्या काळात कंत्राटं मिळवून देतो म्हणून लोकांकडून पैसे घेणाऱ्या एका कंपनीच्या लेटरहेडवर हा अध्यक्ष! सोडवण्यासाठी खासदारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमनकडे अर्ज केला, त्यावर तरुण जॉन केनेडीनं सही केली नाही. कर्लीनं सोडलेल्या जागेवरच तो निवडून आला होता, तरी नाही केली.

साहेब आत असताना शहर कोणी चालवलं? विधिमंडळानं खास कायदा करून सिटी क्लार्क (महापालिकेचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) जॉन हाइन्सला बसवलं. रात्री कॉलेज करून वकील झालेला, सगळं आयुष्य महापालिकेच्या टेबलामागे गेलेलं. पाच महिने त्यानं गाजावाजा न करता काम केलं. ट्रुमननं शिक्षा कमी केली, कर्ली नोव्हेंबरात परतला आणि कामाचा पहिला दिवस संपताना पत्रकारांना म्हणाला, माझ्या गैरहजेरीत पाच महिन्यांत झालं नाही तेवढं मी आज एका दिवसात उरकलं. हाइन्स म्हणे आधी निवडणुकीला उभा राहणारच नव्हता. या वाक्यानंतर राहिला, आणि १९४९ च्या नोव्हेंबरात कर्लीला पाडला.

सगळ्या कारकुनांच्या वतीनं मला त्या रात्रीचा फार आनंद आहे. कृतघ्नता कसली? शहराला अक्कल आली.

पायपीट

माझ्या चार ओळींवर एवढा मोठा धागा, आभारी आहे. वडिलांबद्दल आदर आहेच, तो शब्द तसा नव्हता.

पण तुम्ही सोयीचं तेवढंच लिहिलंत. सिटी हॉलच्या फरश्या बायका गुडघ्यांवर बसून पुसायच्या. कर्लीनं त्यांच्यासाठी लांब दांड्याचे मॉप आणवले. गुडघे टेकायचे ते फक्त देवापुढे, असं म्हणाला म्हणे. बेचाळीस हजार भरायची वेळ आली तेव्हा साधी माणसं त्याच्या दारात पैसे घेऊन आली. सिटी हॉस्पिटल वाढवलं, किनाऱ्यावर लोकांसाठी स्नानगृहं बांधली, मंदीत हजारोंना कामाला लावलं. आणि ज्या निवडणुकीत तो 'पडला' तिथे त्याला सव्वा लाखांच्या वर मतं होती, आधी कुठल्याच निवडणुकीत मिळाली नव्हती तेवढी. तीन लाखांच्या आसपास मतदान, पाच उमेदवार आणि फरक दहा-बारा हजारांचा. याला शहराला अक्कल येणं म्हणत असाल तर अक्कल अगदी थोडक्यात आली.

कट्टर_वाचक

जागा पकडून ठेवतो. हातात शेंगदाणे.

सावित्रीची_लेक

मॉपच्या किश्श्यावर सगळे गहिवरतात. त्या बायकांचा पगार किती वाढवला ते कोणी सांगेल का? फरशी पुसणारी उभी राहिली म्हणजे तिचं भलं झालं, हे उभ्यानं बोलणाऱ्या पुरुषांना वाटतं. माझी आई एका शाळेत शिपाई होती. तिला दरवर्षी आठ मार्चला साडी मिळायची आणि प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप कधीच नाही.

गोदाकाठ

मूळ मुद्दा कोणीच घेत नाहीये. कर्ली इतक्या वेळा निवडून का आला? विरोधक पाच-सहा जण उभे राहायचे आणि मतं फुटायची. १९४५ साली त्याच्यावर खटल्याची टांगती तलवार होती, तरी निम्म्यापेक्षा कमी मतांवर आला. म्हणून १९४९ च्या त्याच मतदानात लोकांनी शहराची सनदही बदलून घेतली. आधी प्राथमिक फेरी, मग पहिल्या दोघांत लढत. बावीस वॉर्डांचं कौन्सिल जाऊन संपूर्ण शहरातून नऊ जण. १९५१ ला कर्ली पुन्हा उभा राहिला तर काही जमलं नाही. खरा पराभव पद्धतीनं केला, हाइन्सनं नाही.

आणि आपण? आपल्याकडे प्रभाग कधी एकाचा, कधी दोनाचा, कधी चाराचा. नगराध्यक्ष कधी थेट जनतेतून, कधी नगरसेवकांतून, जसं वरच्या सरकारला सोयीचं पडेल तसं. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. गटार तुंबलं की चौघेही म्हणतात, ते तिसऱ्याकडे. मी चौघांच्याही घरी जाऊन आलोय. एकाच्या घरी चहा मिळाला, तेवढंच.

चिंचपोकळीकर

गोदाकाठ, प्रभाग पद्धतीचा वेगळा धागा तुम्ही मागे तीनदा काढलाय.

गोदाकाठ

आणि तीनदा तो कोणी वाचला नाही, म्हणून इथे.

वक्रतुंड

बॉस्टनच्या जुन्या श्रीमंत घराण्यांना 'बॉस्टन ब्राह्मण' म्हणतात हे इथे कोणीच लिहिलं नाही, याचं आश्चर्य वाटलं नाही. कर्लीचं सगळं राजकारण त्या ब्राह्मणांच्या विरोधात होतं. आयरिश मोलकरणीचा मुलगा वर आला हे ज्यांना बघवलं नाही त्यांनी शेवटी आयरिशच कारकून पुढे केला. पॅटर्न ओळखीचा आहे.

कट्टर_वाचक

आला, आला. मी तिसऱ्या प्रतिसादात अपेक्षा केली होती, सातव्याला आला. धागा सुधारतोय.

लिमये_नव्हे

वक्रतुंड, ते नाव एकोणिसाव्या शतकात ऑलिव्हर वेंडेल होम्स नावाच्या डॉक्टर-लेखकानं पाडलं. त्या घराण्यांना मुंज माहीत नव्हती. पण तुमची मेहनत बघून त्यांचा अन्याय आमच्या खात्यावर जमा करून घेतो, आणखी एक. (ह.घ्या.)

वक्रतुंड

हलकं घ्यायचं की जड ते आम्ही ठरवू. तुमची ती एका वाक्यात उडवून लावायची सवय, तीच तर

व्यवस्थापक

वक्रतुंड आणि लिमये_नव्हे यांचे यापुढचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. विषय बॉस्टन आहे.

फ्रेमिंगहॅमची_काकू

अरे बाबांनो, मी ग्रीन लाइनला अकरा वर्षं 'हाइन्स' स्टेशनवर उतरले. नाव कोणाचं हे आज तुमच्यामुळे कळलं. धन्यवाद!

त्या पाच उमेदवारांतला शेवटचा तुम्ही सगळे विसरलात. वॉल्टर ओब्रायन. डावा, पैसे नाहीत, गाडीवर भोंगा लावून प्रचार. त्याचा एक मोठा मुद्दा होता, भुयारी गाडीची भाडेवाढ. त्याच्यासाठी दोघींनी एक गाणं रचलं. चार्ली नावाचा माणूस दहा सेंट देऊन गाडीत बसतो, उतरताना आणखी पाच सेंट मागतात, ते त्याच्याकडे नाहीत, म्हणून बिचारा कायमचा गाडीतच फिरतो. ओब्रायन साडेतीन-एक हजार मतं घेऊन शेवटचा आला. पण आज आमच्या हातातल्या तिकीट कार्डाचं नाव काय? चार्ली कार्ड! कार्ली... सॉरी, कर्लीचं नाव कार्डावर नाही आणि हाइन्सचंही नाही.

कट्टर_वाचक

काकू, त्या गाण्यात चार्लीची बायको रोज स्टेशनवर येऊन खिडकीतून त्याला सँडविच देते. मग त्याच पुडीत पाच सेंटचं नाणं का नाही घालत?

फ्रेमिंगहॅमची_काकू

तीस वर्षं संसार केला की कळेल तुला.

सावित्रीची_लेक

:) हा धाग्यातला पहिला पटलेला प्रतिसाद.

उपनगरी

चिंचपोकळीकर, तुमच्या सज्जन कारकुनाची पुढची गोष्ट सांगू का? तुम्ही १९४९ च्या रात्रीवरच पडदा पाडलात.

हाइन्स दहा वर्षं महापौर राहिला. १९५३ साली जाहीर केलं की वेस्ट एंड ही झोपडपट्टी आहे, पाडायची. शहराच्या मधोमध पन्नासेक एकरांची दाट वस्ती. इटालियन, ज्यू, पोलिश, चार-पाच मजली विटांच्या इमारती, खाली बेकऱ्या, भाडी कमी. १९५८ च्या एप्रिलमध्ये घराघरात नोटिसा गेल्या. सुमारे २,७०० कुटुंबं उठवली. जागेवर उंच, महाग फ्लॅट उभे राहिले. त्यांची पाटी रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांना वाचायला मिळायची: इथे राहत असता तर एव्हाना घरी पोचला असता. जे खरोखर तिथे राहत होते त्यांनी ती पाटी कशी वाचली असेल?

आता कळस ऐका. १९४९ ला हाइन्ससाठी कॉलेजची पोरं गोळा करणारा हार्वर्ड लॉचा एक तरुण होता, जेरोम रॅपापोर्ट. निवडणुकीनंतर महापौरांच्या कार्यालयात लागला. त्या वेस्ट एंडवर टॉवर बांधणाऱ्या कंपनीचा प्रमुख कोण? तोच. कोणी तुरुंगात गेलं नाही. सगळं नियमात. कर्लीनं चोरी केली असेल पण अशी अख्खी वस्ती नाही उठवली.

चिंचपोकळीकर

पैसा फेडरल होता. १९४९ च्याच गृहनिर्माण कायद्यात दोन तृतीयांश खर्च वॉशिंग्टन देत होतं, त्यामुळे त्या काळात अमेरिकेतली शहरामागून शहरं हेच करत होती. एकट्या हाइन्सच्या माथी नको. आणि शहर खंक झालं होतं ते कोणामुळे? कर्लीनं व्यापारी भागातल्या इमारतींवर करांचं ओझं लादलं आणि ज्यांनी मतं दिली त्यांच्या वॉर्डांत उधळलं. हार्वर्डच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तर या प्रकाराला 'कर्ली इफेक्ट' नाव दिलंय. विरोधात मत देणारे शहर सोडून जातील असं वागायचं, म्हणजे उरतात ते आपलेच.

उपनगरी

छान. जनगणना बघा. १९३० ला बॉस्टन ७,८१,१८८. १९४० ला थोडं कमी. १९५० ला, म्हणजे कर्ली गेला तेव्हा, ८,०१,४४४. आणि १९६० ला, तुमच्या हाइन्सनंतर, ६,९७,१९७. लाखभर माणूस कोणाच्या काळात गेला?

चिंचपोकळीकर

त्या दशकात हायवे झाले, गाड्या आल्या, सगळीच जुनी शहरं रिकामी झाली. आकडा बरोबर आहे, अर्थ चूक.

उपनगरी

म्हणजे चांगलं झालं की हाइन्स, वाईट झालं की हायवे.

लालबागचा_जावई

मी इथे फक्त वाचायला येतो. वेस्ट एंडचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमची चाळ २०१३ ला पाडली. तीन वर्षांत ताबा, तोवर दरमहा भाडं, सगळं करारात. बैठकीला आलेले सगळे सुशिक्षित होते, कोणी आवाज चढवला नाही, प्रत्येक कागदावर शिक्का होता. भाडं बावीस महिने आलं, मग थांबलं. सासरे डोंबिवलीला गेले. रोज संध्याकाळी खाली उतरून कोपऱ्यावर उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, इथे कोणी ओळखीचं येत नाही. ताबा मिळायच्या आधी गेले. इमारत अजून तेराव्या मजल्यावर थांबलीय.

आमच्या जुन्या वॉर्डात एक नगरसेवक होता. खायचा, सगळ्यांना माहीत होतं. पण सासूबाईंना रात्री दोनला ॲडमिट करायचं होतं तेव्हा तो लुंगीवर हॉस्पिटलात आला आणि बेड मिळेपर्यंत हलला नाही. मला तो चोर वाटतो का? वाटतो. पुन्हा उभा राहिला तर मत देईन का? त्याला देईन.

सावित्रीची_लेक

तुमचं दुःख समजतं, पण याच हिशेबावर ही माणसं जगतात हो. बेड मिळणं हा तुमच्या सासूबाईंचा हक्क होता. तो हक्क आधी अवघड करून ठेवायचा आणि मग लुंगीवर येऊन मिळवून द्यायचा. अवघड कोणी केलं, त्यानंच ना?

लालबागचा_जावई

रात्री दोनला हे सुचत नाही ताई.

पायपीट

हेच मी चार ओळींत म्हणत होतो. कर्लीच्या घराच्या शटरवर शॅमरॉकची (आयरिश लोकांची खूण) पानं कोरलेली होती, घर कुठल्या पैशाचं हे सगळ्यांना कळत होतं. तरी सकाळी दारात माणसं उभी असायची, कारण दार उघडलं जायचं.

चिंचपोकळीकर

दारात माणसं उभी राहणं हीच तर लाजिरवाणी गोष्ट आहे! माझ्या वडिलांच्या टेबलावर अर्ज आला की नंबरानं निघायचा. नगराध्यक्षाचा भाचा असो की भाजीवाली. चारदा बदली झाली त्यांची. रिटायर झाले तेव्हा नारळ आणि शाल, भाषण करायला कोणी नगरसेवक आला नाही, कारण एकाही नगरसेवकाचं त्यांनी 'काम' केलं नव्हतं. त्यांचा पुतळा कोणी बसवणार नाही. नंबरानं अर्ज काढणाऱ्याचा पुतळा कसा दिसेल? खुर्चीत बसलेला, मान खाली.

गोदाकाठ

हा प्रतिसाद आवडला. (माझ्या प्रभागातल्या गटाराचा अर्जही नंबरानंच निघतोय, चौदा महिने झाले. पण आवडला.)

लिमये_नव्हे

एक बारीक दुरुस्ती. सगळे १९४९ च्या बॉस्टनवर भांडताय, पण तिथे निदान लोकांनी महापौर निवडला तरी. त्याच साली आपल्या मुंबईत स. का. पाटील महापौर झाले ते नगरसेवकांच्या मतांवर, आणि लागोपाठ तीन वर्षं राहिले. प्रौढ मताधिकार मुंबईच्या पालिकेला १९४८ ला आला, पण महापौराची चिठ्ठी आजही सामान्य मतदाराच्या हातात नाही. कर्ली हवा की हाइन्स, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारलेलाच नाही. आपण उगाच घसे फोडतोय.

वक्रतुंड

या एका मुद्द्यावर लिमये यांच्याशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा होणार नाही.

उपनगरी

चिंचपोकळीकर, वडिलांचं वाचलं. त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. माझा मुद्दा एवढाच, की वेस्ट एंडच्या नोटिसाही कोणीतरी नंबरानंच काढल्या असणार.

चिंचपोकळीकर

हे लागलं.

ठीक. हाइन्सला मी वर सज्जन म्हटलेलं नाही, पण मनात होतं, ते मागे घेतो. 'तुरुंगात न गेलेला' असं वाचावं. रॅपापोर्टचं मला माहीत नव्हतं, तेही मान्य. पण कर्ली चोर होता आणि हाइन्सनं पुढे घाण केली म्हणून १९४९ चं मत चुकीचं ठरत नाही. मतदाराला त्या दिवशी समोर जे दिसतं त्यावरच ठरवावं लागतं. आणि पायपीट, 'कारकून' तेवढं बदला.

पायपीट

बदललं. आता 'माजी सिटी क्लार्क' आहे. वाक्य बिघडलं, पण असो.

फ्रेमिंगहॅमची_काकू

आज मुद्दाम गेले होते त्या बाकापाशी. मांडीवर बर्फ साचला होता. एका बाईनं तो हातानं झाडला, बसली आणि फोनवर बोलत राहिली, कोणाशेजारी बसलीय याचा पत्ता नाही. फोटो काढणार होते, पण ती रडत होती, म्हणून नाही काढला.

कट्टर_वाचक

लालबागचे जावई, भाड्याचं पुढे काय झालं? थकलेलं मिळालं का?

लालबागचा_जावई

सहा महिन्यांचं मिळालं, गेल्या दिवाळीत. कोणी मिळवून दिलं ते इथे लिहीत नाही, चिंचपोकळीकर पुन्हा सुरू होतील.

चिंचपोकळीकर

लुंगीवर आला होता का?

लालबागचा_जावई

नाही. या वेळी पँट होती.